ताईची ओळ

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे. ट्रकवाल्याने सामान फाटकाशीच उतरवलं आणि काढता पाय घेतला, त्यामुळे सगळं वर चढवणं आम्हा दोघांच्याच नशिबी आलं. ताईचं शिलाई मशीन जिन्याच्या वळणावर अडकलं. खालून घरमालकीणबाईंनी विचारलं, एवढं जड काय आहे. ताई म्हणाली, माझा नवरा आहे, जरा तुमच्या बाजूने धरा. बाई आधी गांगरल्या आणि मग इतक्या हसल्या की मशीनचं दुसरं टोक त्यांनीच उचललं. नव्या गावात तासाभरात ओळखी कराव्यात तर ताईनेच. मला त्यालाच सहा महिने लागतात.

दोन खोल्या आहेत. स्वयंपाकघर एवढंसं आहे की एकाला वळायचं असेल तर दुसऱ्याने बाहेर जायचं. पण पुढच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे आणि ताईने मशीन तिथे लावलंसुद्धा. आई-बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. ताईने ह्याच मशीनवर लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं, मोठं केलं, आणि ह्या भानगडीत तिचं लग्न राहून गेलं. आता मी कमावता झालो, म्हणून तिला म्हटलं की जरा आराम कर. तिने माझ्या शर्टाचं बटण ओढून पाहिलं आणि म्हणाली की आराम करणाऱ्या बहिणींच्या भावांची बटणं लोंबतात.

उद्यापासून कचेरी. मन लागेल असं वाटतंय.

५ मार्च, मंगळवार

कचेरी नोंदणीची आहे. गावातल्या प्रत्येक माणसाची एक ओळ तिथल्या मोठ्या तक्त्यात असते: नाव, घर, धंदा, तब्येत, आणि घरात कोणाचं कोण. कुणी घर बदललं, धंदा बदलला, की तो खिडकीशी येऊन सांगतो आणि आत त्याची ओळ बदलली जाते. सगळा कारभार एका बुटक्या, हळू बोलणाऱ्या बाईंच्या हातात आहे. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. नोंदी भरायचा फॉर्म फार जुना झालाय, नवा करायचा, त्यासाठी मला बोलावलंय. नवा फॉर्म बांधलेला ठेवायचा की सुटा, हे मी ठरवायचं. मोठ्या बाई म्हणाल्या की त्या मधे पडणार नाहीत.

संध्याकाळी ताईला हा फरक समजावून सांगितला, कारण तिला सांगता आलं तर मला नीट समजलंय असं मी धरतो. बांधलेला, म्हणजे बाउंड फॉर्म, थेट तक्त्याला जोडलेला असतो. चौकटीत लिहाल ते सरळ तक्त्यातच. बाण दाबून पुढच्या ओळीवर गेलात की मागची ओळ आपोआप कायम झाली. कुणी विचारत नाही, कुणी अडवत नाही. सुट्या, म्हणजे अनबाउंड फॉर्मचं तसं नाही. त्यात माहिती आधी पडद्यावर आणायची, हवं तेवढं लिहायचं, खोडायचं, आणि ‘जतन करा’ हे बटण दाबलं तरच ती तक्त्यात जाते. तोवर ती फक्त पडद्यावर. बांधलेला फॉर्म हातासरशी होतो, सुटा करताना घाम निघतो. पण मी सुट्याच्या बाजूचा. माणसाला चुकायला थोडी जागा हवी.

ताई म्हणाली, मग एवढं लांबण कशाला लावलंस, एक पक्की शिवण आणि एक कच्चे टाके. वर असंही म्हणाली की कच्च्या टाक्यांवरचा कपडा घालून कुणी बाहेर पडू नये. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

७ मार्च, गुरुवार

कचेरीतल्या माणसांची एक गंमत आहे. बोलताना ह्यांचे हात मांडीवर असतात. कुणी हाक मारली की आधी खुर्ची मागे सरते, हात मांडीवर जातात, आणि मग मान वळते. उठायचं असेल तर जुन्या फॉर्मवर तक्त्याच्या तळाशी, जिथे कुणाचंच नाव नाही, तिथे जाऊन थांबायचं आणि मगच खुर्ची सोडायची. टेबलावर कप नाही, फाईल नाही. बायका बांगड्या काढून खणात ठेवतात. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ तर काम नसलं की हाताची घडीच घालून बसतात. त्यांचं मी मनातल्या मनात घडीकाका असं बारसं करून टाकलं.

सराव म्हणून मोठ्या बाईंनी माझी आणि ताईची ओळ मलाच भरायला लावली. दोन रिकाम्या ओळी त्यांनी राखून ठेवल्या होत्या. माझ्यासमोर लिहिलं: धाकटा भाऊ. तिच्यासमोर: मोठी बहीण. बाण दाबला आणि झालो आम्ही इथले.

कचेरीच्या खालीच एक चावीवाला बसतो. घराची दुसरी चावी करून घेतली. तो कानस घासत असतो आणि त्याची बायको शेजारी बसून त्याच्या कामाला नावं ठेवत असते. मलाही फुकट सल्ला मिळाला की चावी हरवणाऱ्यांनी लग्न करू नये.

१२ मार्च, मंगळवार

आज जुना फॉर्म उलटासुलटा करून पाहत होतो. सहज चावीवाल्याच्या बायकोची ओळ काढली, एवढं बोलणाऱ्या बाईच्या धंद्याच्या चौकटीत काय लिहिलंय बघावं म्हणून. तेवढ्यात माझ्या हातातली फाईल सुटली आणि कीबोर्डवर आडवी पडली. उचलली, बाण दाबला, पुढे गेलो.

घडीकाका ताठ झाले. मी कुणाच्या ओळीवर होतो, असं त्यांनी विचारलं. सांगितलं. ते म्हणाले की फाईल टेबलाखाली ठेवत जा. मला जरा रागच आला. दोन आठवडे न झालेल्या माणसाला इतकं शिकवू नये.

१४ मार्च, गुरुवार

खाली चावीवाला एकटाच होता. मला थांबवून त्याने बाकड्याखालून बायकांच्या चपलांचा एक जोड काढला आणि विचारलं की ह्या कुणाच्या ते मला माहीत आहे का, कुणी गिऱ्हाईक विसरून गेलेलं दिसतंय. मी म्हटलं, बायकोच्या चपला ओळखत नाही म्हणजे आता तुमची काही धडगत नाही. त्याने विचारलं, कुणाच्या बायकोच्या.

मी हसलो. तो हसला नाही. चपला पुसून त्याने पुन्हा बाकड्याखाली ठेवल्या.

१५ मार्च, शुक्रवार

ती ओळ पाहिली. सगळ्या चौकटी कोऱ्या आहेत. फाईल पडली तेव्हा पुसल्या गेल्या असणार आणि बाण दाबल्यावर तसंच कायम झालं. मी भरायला बसलो, पण भरणार काय? तिचं नाव मला माहीत नाही. खाली जाऊन चावीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, मी एकटा माणूस, तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी मनात धरलंय. खोटं बोलणारा माणूस असा सरळ बघत नाही.

मोठ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या की बांधलेल्या फॉर्मला मागचं आठवत नसतं. मी विचारलं, फॉर्मला आठवत नाही हे ठीक, पण माणूस कुठे गेला? त्यांनी खुर्ची मागे घेतली, हात मांडीवर ठेवले आणि विचारलं की इथे आल्यापासून इतरांचे हात मी पाहिले नाहीत का.

पाहिले होते, आणि त्यावर हसलोही होतो. एक बाई होती आणि माझ्या हातून ती गेली, हे लिहितानाही खरं वाटत नाही.

१८ मार्च, सोमवार

ताई आज कचेरीत आली. आजूबाजूच्या बायकांचे कपडे शिवायला घेतलेत तिने, तेव्हा धंद्याच्या चौकटीत शिवणकाम लिहून घ्यायचं म्हणून खिडकीशी उभी राहिली. मला लांबून हात केला. आणि मी बघतो तर आत कामाला लागलेली नवी मुलगी ताईची ओळ उघडून बसलेली, हातात बांगड्या तशाच, कोपराशी पाण्याचा पेला, आणि ताईच्या एका विनोदावर ती खदखदून हसतेय. बांगड्या कीबोर्डवर खळखळत होत्या.

मी धावलो. पेला उचलला. मुलीला म्हटलं, हे मी बघतो. ताईला वाटलं मी शिष्टपणा करतोय. डोळे वटारून ती निघून गेली.

मग ठरवलं. माझा सुटा फॉर्म जवळजवळ तयार आहे. त्यात ताईची माहिती उचलून आणली. सुटा फॉर्म करणाऱ्यांची एक सवय असते: एका ओळीवर दोघांचे हात पडू नयेत म्हणून काम चालू असेपर्यंत ओळ तक्त्यातून काढून घ्यायची आणि जतन करताना परत ठेवायची. मीही तेच केलं. चावीवालीची ओळ पुसली गेली होती. ही पुसलेली नाही, उचललेली आहे. एकेक चौकट माझ्या पडद्यावर शाबूत आहे: नाव, घर, शिवणकाम, तब्येत उत्तम, मोठी बहीण. आता कुणाची बांगडी तिच्यापर्यंत पोचणार नाही. सगळी कचेरी सुट्या फॉर्मवर आली की परत ठेवीन.

कचेरीतल्या माझ्या मशीनवर ते बंद करू नये अशी चिठ्ठी लावून घरी आलो. बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.

२० मार्च, बुधवार

सकाळी ताई दाराशी उभी होती. बाहेरच्या बाजूला, हातात भाजीची पिशवी. आत का येत नाहीस विचारलं तर म्हणाली, कुणी या म्हणायची वाट बघत होते. मला वाटलं सोमवारचा राग आहे. या महाराणी, म्हटलं. ती आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली, पाहुणे बसतात तशी.

दुपारी घरमालकीणबाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं की खोल्या एकट्याला मोठ्या नाही का होत.

कचेरीत पळत आलो. ताई पडद्यावर आहे. सगळं शाबूत. आताच्या आता परत ठेवतो म्हणून ‘जतन करा’ दाबलं. पडद्यावर आलं: जागा भरलेली आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबल्यावर लक्षात आलं की तब्येतीची चौकट कोरी झाली आहे, आणि शिवणकामाचीही. जतन फसलं की दर वेळी एक चौकट गळते. आता उरलंय नाव, घर आणि मोठी बहीण. तिसऱ्या वेळेला सहावी चौकट गेली, ती कसली होती तेही मला आता आठवत नाही.

चौकटी मी स्वतःच आखल्या होत्या. तरी आठवत नाही, आणि वहीत मागे पाहिलं तर तिथेही पाचच आहेत.

२१ मार्च, गुरुवार

मोठ्या बाईंनी समजावून सांगितलं, रागावल्या नाहीत. तक्त्यात जेवढ्या ओळी आहेत तेवढ्याच आहेत. एक रिकामी झाली की बाहेर थांबलेल्यांपैकी पुढच्याला मिळते. चावीवालीची अशीच गेली, ताईची मी उचलली त्याच दिवशी. ताईच्या ओळीवर आता एक तान्हं मूल आहे. मी म्हटलं, एक ओळ वाढवा, माझ्या हातचं काम आहे, मी वाढवतो. त्या म्हणाल्या, तक्ता आम्ही केलेला नाही, आणि तळाच्या कोऱ्या जागेवर काही लिहिलं तरी टिकत नाही.

मग विचारलं की दुसऱ्या कुणाची ओळ रिकामी केली तर. त्या म्हणाल्या, ते तर फार सोपं आहे, बांधलेल्या फॉर्ममध्ये एका बाणाचं काम. कुणाची, ते मी ठरवायचं. त्या मधे पडणार नाहीत.

घरी ताई मशीनपुढे बसली होती. सुई कपड्यातून जात होती आणि दोरा मागे राहत नव्हता. शिवलेलं सगळं तिच्या मांडीवर सुटं पडलं होतं. तिने मला विचारलं, हे कसं चालवतात तुम्हाला ठाऊक आहे का.

तुम्हाला, म्हणाली.

२२ मार्च, शुक्रवार

कालपासून रडू येतं आणि मधेच थांबतं. मी सुट्याच्या बाजूचा माणूस, चुकायला जागा हवी म्हणणारा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बांधलेलं ठेवलं असतं तर कदाचित बांगडी लागली असती, कदाचित नसती. सुटं केलं ते मी.

त्या मुलाची आई खिडकीशी आली होती. मूल खांद्यावर झोपलेलं. मी जुन्या फॉर्मवर मुलाची ओळ काढली. चौकटीत कर्सर लुकलुकत होता. खोडायचं आणि एक बाण. तिने मला विचारलं की नाव अजून पक्कं केलेलं नाही, नंतर बदललं तर चालेल का.

चालेल, म्हटलं. तळाच्या कोऱ्या जागेवर गेलो आणि हात मांडीवर ठेवले.

शनिवार

ताईला घरी ठेवायची भीती वाटते. रस्त्यात माणसं तिच्या अंगावर येतात, तिला चुकवत नाहीत. तिचा हात धरून चालावं तर ती संकोचते. अनोळखी माणसाने हात धरला की कोणीही संकोचेल.

माझी ओळ आहे. हे आज सुचलं आणि इतकं सोपं वाटलं की आधी का सुचलं नाही कळेना. माझी ओळ पुसतो, तिची तिथे ठेवतो. शाळेपासून ती माझ्यासाठी उभी राहिली, एकदा मी राहीन.

घडीकाकांना विचारलं. ते म्हणाले की असं पूर्वी एकाने केलं होतं, बायकोसाठी. स्वतःची ओळ पुसली आणि शेजारच्या मशीनवर ‘जतन करा’ दाबायला गेला. बटण त्याच्या बोटाखाली दबेना. ज्याची ओळ पुसली त्याच्या हाताला इथलं काही दबत नाही. बघता बघता ती जागाही कुणाला तरी मिळाली. दोघंही गेली.

म्हणजे बांधलेल्याला फक्त चूक लागते. सुट्याला दुसऱ्या माणसाचा हात लागतो.

सोमवार

हात मागितला. घडीकाकांचे पाय धरले. ते रडले, पण घडी सोडली नाही. त्यांच्या घरी पाच ओळी आहेत म्हणाले. नव्या मुलीने बांगड्या काढून ठेवल्या आहेत, माझ्याकडे बघत नाही. मोठ्या बाई मधे पडत नाहीत.

मी दाबून पाहिलं नाही ना मधे — नाही. तीनच चौकटी आहेत. नाव. घर. मोठी —

तिसरी चौकट वाचायला आता पडद्याजवळ जावं लागतं.

मंगळवार

दुपारी वीज गेली. पूर्ण इमारतीची. पडदा चालू आहे, खालच्या बॅटरीवर. बॅटरी टिक टिक वाजायला लागली आहे. ती संपली की पडदा जाईल, आणि ताई फक्त पडद्यावरच आहे.

ताईला सकाळीच घेऊन आलो होतो, बाकावर बसवलं होतं. शेजारच्या खोलीत नेतो म्हणून आत आणलं. माझ्या खुर्चीत बसवलं. बाकी सगळे बाहेर निघून गेलेत. जाताना घडीकाकांनी दार हळू ओढून घेतलं.

बॅटरीवर दोन्ही मशीनं आहेत. एकावर ती. एकावर मी, जुन्या फॉर्ममध्ये.

तिला शिकवलं. ‘जतन करा’चं निळं बटण दाखवलं. तिची ओळ पुसलेली नाही, पडद्यावर आहे, म्हणून तिच्या बोटाला इथलं अजून दबतं; दुसरं एक बटण दाबून पाहिलं. आधी दाबायचं नाही, आधी दाबलं तर आणखी एक चौकट जाईल. मी इकडे बाण दाबीन आणि हात वर करीन, तेव्हा दाबायचं. लगेच. तिने विचारलं, कुणाचं काम आहे. म्हटलं, माझ्या नात्यातल्या एकीचं. ती म्हणाली, मग करते की, त्यात काय, आणि बोट बटणावर ठेवलं. बोटावर सुईची जुनी टोचणी आहे. ती मला बघत होती, चांगलं बघत होती, काळजीने, की हा माणूस रडतोय का.

वाटलं सांगावं तिला. काय सांगणार.

माझ्या चौकटी खोडल्या. नाव. घर. धंदा. धाकटा भाऊ सगळ्यात शेवटी खोडलं. अजून काही झालेलं नाही. बांधलेला फॉर्म ओळीवरून हलेपर्यंत थांबतो. तेवढीच त्याची दया.

बॅटरी आता थांबून थांबून नाही, सारखी वाजतेय.

दाबला बाण.

हात वर केला.

हात वर —

ती माझ्या खुर्चीकडे बघतेय. खुर्चीकडे. माझ्याकडे नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. वही माझी आहे, बाहेरून आणलेली, पेन चालतंय, आवाज जात नाही —

खूण हाताची ठरवली मी. माझ्याच हाताची. माणूस दिसेनासा झाला की दाब असं सांगायचं होतं, एवढंच सांगायचं होतं —

बोट अजून बटणावर आहे.

इकडे तिकडे बघतेय. तिला वाटतंय चुकून कुणाच्या तरी खोलीत येऊन बसले. परक्या खोलीत ती अशी बसणार नाही. पिशवी उचलली. बोट — बोट काढलं —

ताई, निळं. ते निळं बट